अख्खी नदी केंटकीची

निळ्या पुलाला बार्ज धडकला तेव्हा मी कॅटफिश तळत होते. धाडकन आवाज झाला, कढईतलं तेल हिंदकळलं, आणि दुकानातली सगळी गिऱ्हाइकं घास तोंडात तसाच धरून खिडकीकडे पळाली. मीही पळाले. बघते तर काय, कोळशाने भरलेला तो अजस्र मालवाहू बार्ज आडवा होऊन पुलाच्या खांबाला टेकलेला, आणि पुलावरच्या गाड्या उलट्या सरकत सरकत आमच्या बाजूला परत येतायत.

दार ढकलून व्हर्लिन आत आला. व्हर्लिन म्हणजे माझ्या नवऱ्याचा, हेन्रीचा, मासेमारीचा जोडीदार. हेन्री गेला, व्हर्लिन मागे राहिला, आणि तेव्हापासून रोज दुपारी माझ्या दुकानात येऊन फुकटची कॉफी पिणं हे तो आपलं कर्तव्य समजतो.

"कुणाला लागलं नाही," त्याने जाहीर केलं. "पण पूल बंद केलाय. खांब तपासल्याशिवाय कुणाला सोडणार नाहीत. आजचा दिवस तरी विसरा."

माझ्या हातातला झारा गळून पडला.

आजचा दिवस विसरा म्हणे! वर्षातले बाकीचे सगळे दिवस विसरले असते मी, वाढदिवस विसरले असते, ख्रिसमस विसरले असते. पण आज दुपारी दोन वाजता माझी पोरगी, माझी कोरीन, सहा वर्षांनी माझ्याशी बोलणार होती. एक तास. आणि उद्या सकाळी ती, तिचा नवरा लॉनी आणि मी कधी मांडीवर न घेतलेली माझी नात, घरदार ट्रकमध्ये भरून ऑरेगनला निघून जाणार होती. ऑरेगन! त्याच्यापुढे समुद्रच.

तर नीट सांगते, म्हणजे माझा जीव का टांगणीला लागला ते कळेल.

आमचं गाव हॅगर्स बेंड, नदीच्या या काठाला, इंडियानात. समोरच्या काठाला पॉप्लर लँडिंग, ते केंटकीत. मध्ये ओहायो नदी आणि निळा पूल. हेन्री गेल्यावर मी आणि कोरीन मिळून हे दुकान चालवत होतो. एका शुक्रवारी, ऐन गर्दीत, कोबीची कोशिंबीर वाढता वाढता ती म्हणाली की मी लॉनीशी लग्न करतेय आणि पलीकडे राहायला जातेय. अगं, सांगायची ही वेळ? मीही मग तोंडाचा पट्टा सोडला. अख्ख्या दुकानासमोर झारा उगारून म्हणाले, "जा! पण जिवंत आहे तोवर केंटकीच्या मातीला मी पाय लावणार नाही!" कोरीनने ॲप्रन काढून खुंटीला अडकवला आणि गेली. ती माझीच पोरगी, तिने मागे वळून कशाला बघावं?

मी शब्दाची पक्की. लग्नाला गेले नाही. बाळ झालं तेव्हाही गेले नाही. पुढे पुढे हा राग गिऱ्हाइकांवर निघायला लागला. एका पाद्र्याने मीठ जास्त मागितलं म्हणून मी त्याला दुकानाबाहेर काढलं, तेव्हा डॉक्टर म्हणाला, "आर्लीन, तुझं ब्लडप्रेशर आणि तुझं तोंड, दोन्ही हाताबाहेर गेलंय. कुठल्या तरी समुपदेशकाकडे जा." आमच्या बाजूला समुपदेशक म्हणून जे दोघं होते त्यांच्याकडे पुढच्या वसंतापर्यंत जागा नव्हती. मग मिळाल्या बीसलीबाई. पॉप्लर लँडिंगला हार्डवेअरच्या दुकानावर त्यांची खोली. फोनवरून बोलतात, आवाज असा की तापलेल्या डोक्यावर गार पाणी पडावं. पण एक मोठी अडचण. त्यांचं लायसन केंटकीचं. बोलणाऱ्या माणसाचं बूड त्या क्षणी केंटकीत टेकलेलं असेल तरच ते चालतं.

"म्हणजे मी माझ्या स्वयंपाकघरात बसून बोलले तर?" मी पहिल्यांदाच विचारलं होतं.

"तर मी विनापरवाना काम केलं असं होईल, आर्लीन."

"अहो, माझं मासे धरायचं लायसन इंडियानाचं, ते अख्ख्या नदीवर चालतं! आणि तुमचं दोन शब्द बोलायचं लायसन आमच्या काठाला येऊन मरतं?"

"मरतं खरं," त्या म्हणाल्या. "हसू नका. पदवीनंतर चार वर्षं मी दुसऱ्यांच्या देखरेखीखाली काम केलंय. तासन् तास मोजून दिलेत, परीक्षा दिली, तेव्हा ते हाती आलं. इंडियानाकडेही अर्ज केलाय. ते म्हणतात, ज्यांनी देखरेख केली त्या बाईंची ताजी सही आणा. त्या बाई दोन वर्षांपूर्वी वारल्या. तेही कळवलंय. आता बघू."

झालं! आता शपथ पाळायची की बाईंचा कायदा? मी दोन्ही पाळलं. दर गुरुवारी ट्रक काढायचा, पूल ओलांडायचा, पॉप्लर लँडिंगच्या चर्चच्या आवारात उभा करायचा, काच वर, दार बंद, आणि फोन लावायचा. खाली उतरायचं नाही. ट्रकची चाकं केंटकीच्या मातीला लागली, माझा पाय नाही लागला. दर वेळी बाई आधी एकच प्रश्न विचारायच्या, "आर्लीन, तुम्ही आत्ता कुठे आहात?" पत्ता सांगितल्याशिवाय पुढे एक अक्षर नाही. पहिले काही महिने मी चिडायचे, मग सवय झाली.

आणि या बाईंनीच, माझ्या सांगण्यावरून, कोरीनला निरोप धाडला होता. कोरीन म्हणाली, एकदा बोलेन, पण तुमच्या समोर, तुमच्या खोलीत बसून. एकटीने आईशी बोलायचा दम माझ्यात नाही. एकदा ती ऑरेगनला गेली की संपलं. बाईंचं लायसन तिकडे चालायचं नाही, आणि बाईंशिवाय कोरीन बोलायची नाही. म्हणजे आज दोन वाजता, ती खोलीत आणि मी ट्रकमधून फोनवर, नाहीतर कधीच नाही.

आणि पूल बंद!

"दुसऱ्या पुलावरून जा की," व्हर्लिन म्हणाला. कॉफी ओतून घेत होता, शांतपणे, मेला.

"तो खाली कुठे आहे माहितीय ना? पोचेपर्यंत साडेतीन होतील. ती म्हणेल, आईला निमित्तच हवं होतं. म्हणेल, बघा, यायचंच नव्हतं हिला." मी खिडकीवर मूठ आपटली. "ही मेली नदी! आग लागो हिला!"

"नदीला कशाला शिव्या देतेस? केंटकीला दे," व्हर्लिन म्हणाला. "अख्खी नदी त्यांची. पाणी त्यांचं, पूर मात्र आपल्या घरात."

हे आमच्या गावात पोरंसोरंही म्हणतात. दर पुराला, दर चिखल उपसताना म्हणतात. अख्खी नदी केंटकीची, आपल्या काठापर्यंत. मी जन्मभर ऐकत आले होते. पण त्या क्षणी ते माझ्या कानात असं शिरलं की मी व्हर्लिनचा कप हातातून काढून घेतला.

"तुझी होडी कुठाय?"

"का?"

"नदी केंटकीची ना? मग मी नदीत बसून बोलते!"

व्हर्लिनने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्या पाद्र्याला काढलं तेव्हा बाकीच्या गिऱ्हाइकांनी पाहिलं होतं. "आर्लीन, नदी बंद केलीय. वाहतूक थांबवलीय सगळी."

"मी कुठे वाहतूक करतेय? काठाला बसायचंय. ऊठ!"

दुकान तसंच टाकलं. गॅस बंद केला, दारावरची पाटी उलटी केली, आणि गिऱ्हाइकांना सांगितलं, खा, आणि जाताना दार ओढून घ्या. लाल ॲप्रनसुद्धा काढला नाही. फोन पावाच्या रिकाम्या पिशवीत घालून गाठ मारली, कारण व्हर्लिनची होडी मला ठाऊक आहे. तिच्यात नदी बाहेर कमी आणि आत जास्त असते.

पत्र्याची चपटी होडी, मागे छोटी मोटर, आणि नांगर म्हणून कॉफीच्या डब्यात सिमेंट ओतून केलेला गोळा. व्हर्लिनने दोर विलोच्या झाडाला बांधला आणि मला धक्का मारून पाण्यात सोडलं. दोर ताणला गेला, होडी काठापासून थोड्या अंतरावर डुलायला लागली. नदीकाठी जन्म गेला, पण होडीत एकटी मी पहिल्यांदाच बसत होते; हेन्री कधी बसूच द्यायचा नाही, म्हणायचा तू बोलतेस आणि मासे पळतात.

दोनला पाच कमी होते. मी फोन लावला.

"आर्लीन," बीसलीबाईंचा आवाज. "कोरीन इथे आल्यात. सुरू करायच्या आधी, तुम्ही आत्ता कुठे आहात? पूल बंद झाल्याचं ऐकलं मी."

"केंटकीत!"

"पत्ता?"

"ओहायो नदी."

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मी होडीत बसलेय, बीसलीबाई. अख्खी नदी केंटकीची आहे, कुणालाही विचारा!"

मागून कुणीतरी फस्सकन हसल्यासारखा आवाज आला. कोरीन! सहा वर्षांनी ऐकलेला तिचा पहिला आवाज म्हणजे ते अर्धवट हसू.

"आर्लीन," बाई सावकाश म्हणाल्या, "मी तुमच्यावर विश्वास ठेवते. पण हे मला खात्रीने कळायला हवं. तुमच्या जवळ कोणी आहे का?"

"व्हर्लिन आहे काठावर."

"ते ऐकू शकतात?"

"व्हर्लिन! कानात बोटं घाल!"

"आधीच घातलीत!" व्हर्लिन ओरडला. म्हणजे घातली नव्हती.

तेवढ्यात नदीवरून मोटरचा आवाज आला. हिरवी बोट, त्यावर केंटकीच्या मत्स्य खात्याचं चिन्ह, आणि सुकाणूवर एक तरणाबांड गणवेशातला पोरगा. छातीवर नाव: टॉलिव्हर. पूल तपासतायत म्हणून नदीतून होड्या हाकलायचं काम त्याच्याकडे होतं.

"मॅडम, नदी बंद आहे. आणि तुमचं लाइफ जॅकेट कुठाय?"

देवा, मी त्याला मिठीच मारणार होते! केंटकीचा माणूस! सरकारी माणूस! "दंड लाव!" मी म्हणाले. "लाव, बाळा, हवा तेवढा दंड लाव! पण केंटकीचा लाव, आणि या फोनवर सांग की मी केंटकीत आहे!"

पोरगं गोंधळलं. मी त्याला भडाभडा सगळं सांगितलं, लायसन, कोरीन, ऑरेगन, चर्चचं आवार, सगळं. त्याने टोपी मागे सरकवली, समोरच्या यंत्राच्या पडद्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा पडला.

"मॅडम, तुम्ही इंडियानात आहात."

"काय बोलतोस?"

"नदी केंटकीची हे खरं. पण हद्द धरतात ती जुन्या काळच्या काठाची, पाणी ओसरलेलं असायचं तेव्हाच्या. मग धरणं झाली, पाणी वर चढलं, तो काठ बुडाला. हद्द आता तिकडे आत आहे. तो ओंडका वाहतोय ना? त्याच्या थोडं पुढे." तो ओशाळला. "इथे मी तुम्हाला दंडसुद्धा लावू शकत नाही."

जन्मभर म्हणत आलो आम्ही, सगळं गाव, अख्खी नदी केंटकीची! आणि त्या चिखलपाण्याचा हा पट्टा आमचाच निघाला. आणि निघाला तो आज!

"व्हर्लिन, दोर सोड!"

"आर्लीन, मला पोहता येत नाही!"

"तुला कोण बोलावतंय? सोड म्हणते ना!"

"होडी माझी आहे!"

"मग आधी इतक्या दिवसांच्या कॉफीचे पैसे टाक! सोड!"

त्याने सोडला. दोराचं टोक पाण्यात पडलं आणि माझ्याकडे सरपटत आलं. मी मोटरची दोरी ओढली. नाही. पुन्हा ओढली. नाही. तिसऱ्यांदा मी हेन्रीच्या नावाने अशी शिवी हासडली की बीसलीबाईंनी फोनवरून "आर्लीन!" म्हटलं, आणि मोटर सुरू झाली. होडी वाकडीतिकडी, एकदा स्वतःभोवती फिरून, त्या ओंडक्याच्या दिशेने निघाली. टॉलिव्हर शेजारून चालला होता, एक डोळा पडद्यावर.

"अजून... अजून... थोडं... हं! आता!"

मी तो सिमेंटचा डबा पाण्यात फेकला. टॉलिव्हरने मला एक नारिंगी जॅकेट फेकलं आणि फोनकडे हात केला. मी पिशवीसकट फोन त्याच्या पुढे धरला.

"मॅडम, मी अधिकारी टॉलिव्हर," तो ताठ होऊन म्हणाला, जणू कोर्टात उभा आहे. "या बाई आत्ता केंटकीच्या हद्दीत आहेत. पक्कं सांगतो." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "मी जरा लांब जाऊन थांबतो. मला काही ऐकू येणार नाही. माझी आईपण अशीच आहे." आणि बोट मागे घेऊन, पाठ करून उभा राहिला.

"चला तर," बीसलीबाई म्हणाल्या, आणि त्यांच्याही आवाजात हसू फुटत होतं, कितीही दाबलं तरी. "सुरू करूया."

पाणी होडीला थापट्या मारत होतं. मी बोलायचं काय ते आठवडाभर पाठ केलं होतं. एक अक्षर आठवेना.

"आई," कोरीन म्हणाली. "मला इथून खिडकीतून काहीतरी लाल दिसतंय. तो दुकानाचा ॲप्रन आहे?"

"हो."

"तू होडीत आहेस. खरंच होडीत आहेस."

"मग काय खोटं सांगते?"

"आर्लीन," बाई म्हणाल्या. तेवढ्याने मी गप्प झाले. त्यांनी मला शिकवलं होतं, उत्तर जिभेवर आलं की आधी एक श्वास घ्यायचा. मी घेतला. नदीचा वास, डिझेलचा वास.

"मला वाटलं तू येणार नाहीस," कोरीन म्हणाली. "पूल बंद झाल्याचं कळलं तेव्हा मी लॉनीला म्हटलंसुद्धा, चला, आईला निमित्त मिळालं. सहा वर्षं, आई. एक पूल. चालत आलं तरी ओलांडता येतो असा पूल. तुला तेवढंही झालं नाही."

"मी ओलांडला की!" माझ्या तोंडून निसटलं. "दर गुरुवारी ओलांडते!"

"काय?"

"बाईंशी बोलायला. त्यांचं लायसन इकडचं, म्हणून मला यावं लागायचं. चर्चच्या आवारात ट्रक लावून बसायचे मी. विचार बाईंना!"

"मी सांगू शकत नव्हते, कोरीन," बीसलीबाई हळू म्हणाल्या. "ते तुमच्या आईचं सांगायचं होतं."

मला वाटलं, आता पोरगी विरघळेल. मला वाटलं मी बाजी मारली! किती मूर्ख असावं माणसाने.

"कुठल्या चर्चच्या?" कोरीनचा आवाज बारीक झाला होता.

"विटांच्या. मेपलची झाडं आहेत ते."

"ते माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर आहे."

मला ठाऊक होतं. अहो, ठाऊक होतं म्हणूनच तिथे लावायचे मी ट्रक.

"मी पोरीला घेऊन त्याच रस्त्याने जाते बालवाडीत," ती म्हणाली. "म्हणजे तू आम्हाला पाहिलं असशील. पाहिलंस ना?"

"पाहिलं. पिवळा रेनकोट होता तिला."

"आणि तू दार उघडलं नाहीस?"

"मी शपथ घेतली होती, कोरीन. पाय लावणार नाही म्हणाले होते. सगळ्यांसमोर म्हणाले होते. ट्रकमध्ये बसलं तर पाय लागत नाही, म्हणून..." माझं मलाच ऐकू आलं मी काय बोलतेय ते. होडीत बसलेली, नारिंगी जॅकेट घातलेली एक म्हातारी, नांगर म्हणून कॉफीचा डबा, आणि तोंडी ही अक्कल.

"तू आली नसतीस तर मला चाललं असतं," कोरीन म्हणाली. आता ती रडत होती, आणि रडताना ती अगदी माझ्यासारखीच चिडते. "खरंच चाललं असतं, आई. न येणारी आई मी समजून घेतली होती. पण तू येत होतीस! इथपर्यंत येत होतीस आणि काच वर करून बसत होतीस!"

खुर्ची सरकल्याचा आवाज. पावलं. जिन्यावरची धडधड मला फोनमधून ऐकू आली.

"बीसलीबाई? ती गेली?"

"त्या बाहेर गेल्यात, आर्लीन."

"कुठे?"

"मला माहीत नाही." बाईंनी क्षणभर थांबून तोच प्रश्न विचारला जो त्या नेहमी विचारतात आणि ज्याने माझं डोकं नेहमी उठतं. "तुम्हाला आत्ता काय करावंसं वाटतंय?"

नेहमी मी म्हणायचे, ते तुम्ही सांगायचं, त्याचे पैसे देते मी. आज मी तसं म्हटलं नाही. मला आत्ता काय करावंसं वाटतंय ते इतकं स्वच्छ दिसत होतं की हसू यावं. मी दोन्ही हातांनी नांगराची दोरी ओढायला लागले.

"टॉलिव्हर!"

तो वळला. "झालं, मॅडम?"

"नाही झालं! मला पलीकडे जायचंय!"

"मॅडम, नदी बंद आहे!"

"दंड लाव! आता लावता येतो ना? लाव, आणि बाजूला हो!"

त्याने वर पुलाकडे पाहिलं, खाली माझ्याकडे पाहिलं, आणि माझी मोटर खोकत असलेली ऐकली. "तुम्हाला एकटीला सोडलं तर माझी नोकरी जाईल," तो म्हणाला. "दोर टाका इकडे. ओढत नेतो."

आणि काय सांगू! ओहायो नदी मी अशी कधी पाहिली नव्हती. एक बार्ज नाही, एक होडी नाही, नुसतं तपकिरी पाणी आणि मधोमध आम्ही. हिरवी बोट पुढे, मागे तिला बांधलेली व्हर्लिनची गळकी होडी, होडीत मी, बुटांत पाणी, हातात पावाची पिशवी. आमच्या काठावरून व्हर्लिन दोन्ही हात हलवून काहीतरी ओरडत होता, होडीबद्दलच असणार. माझी छाती अशी धडधडत होती की डॉक्टरने पाहिलं असतं तर त्याचंच ब्लडप्रेशर वाढलं असतं. मी भीत होते, आणि मी खूश होते, वेड्यासारखी खूश होते, आणि ती मला क्षमा करेल की नाही याची मला सुतराम कल्पना नव्हती.

"मी फोन ठेवत नाहीये, आर्लीन," पिशवीतून बाईंचा आवाज आला.

"नकाच ठेवू!"

पॉप्लर लँडिंगचा काठ जवळ आला. जुना धक्का, त्याच्यावर हार्डवेअरच्या दुकानाची मागची भिंत, आणि खाली चिखलात, हाताची घडी घालून, कोरीन उभी होती. केस आखूड केलेत तिने. बारीक झालीय. हेन्रीसारखी एका पायावर भार टाकून उभी होती.

टॉलिव्हरने आमच्यामधला दोर सोडून माझ्या होडीत टाकला आणि होडी काठाकडे ढकलून दिली. पण ती थोडी अलीकडेच चिखलात रुतली. आता आमच्यात फक्त हातभर पाणी होतं.

"उतरणार नाहीसच ना?" कोरीन म्हणाली. डोळे लाल, हनुवटी वर. "शपथ आहे तुझी."

मी एक श्वास घेतला. होडीत पडलेला दोर उचलला आणि तिच्याकडे फेकला. ती हाताची घडी सोडणार नाही असं वाटलं मला, पण हात आपोआप पुढे आला, आणि दोर तिने डाव्या हातात झेलला, जसा तिचा बाप झेलायचा. मग खांबाला दोन वेढे देऊन गाठ मारली. न बघता.

मी उठले. होडी गदगदली. मी एक पाय बाहेर काढला आणि टाकला.

चिखल नडगीपर्यंत! थंडगार, चिकट, अंडी कुजल्याच्या वासाचा केंटकीचा चिखल. दुसरा पाय टाकला. पहिला उचलायला गेले तर बूट तिथेच राहिला.

"बूट गेला माझा," मी म्हणाले.

कोरीनच्या तोंडून तोच आवाज निघाला, फस्सकन, फोनवरचा. मग ती पुढे आली, चिखलात, स्वतःच्या चांगल्या पँटसकट, आणि तिने मला दोन्ही दंडांना धरलं. मिठी नव्हे, पडू नये म्हणून धरतात तसं. मीही तिला धरलं. मी म्हणाले, "चुकलं माझं, कोरीन." पाठ केलेल्यातलं तेवढंच शेवटी आठवलं.

तिने नाक पुसलं, नदीकडे पाहिलं. "आता परत कशी जाशील? पूल बंद आहे."

"जायची घाई कुणाला आहे?"

"मला उद्या पहाटे निघायचंय, आई. अर्धं स्वयंपाकघर बांधायचं राहिलंय."

"भांडी वर्तमानपत्रात गुंडाळलीस का? की नुसतीच कोंबलीस?"

"बघ, लगेच सुरू झाली!" ती म्हणाली, पण दंड सोडला नाही. "चल. बालवाडी सुटायची वेळ झालीय. तिला सांगायला हवं की ही चिखलाची बाई कोण."

वर धक्क्याकडे चढायला लागलो. माझ्या मुठीत ती पावाची पिशवी अजून तशीच होती, आणि तिच्यातून अगदी नेहमीच्या आवाजात प्रश्न आला.

"आर्लीन? ऐकू येतंय? तुम्ही आत्ता कुठे आहात?"

"केंटकीत, बीसलीबाई!" मी एवढ्या मोठ्याने ओरडले की पलीकडे व्हर्लिनलाही ऐकू गेलं असेल. "उभी आहे! दोन्ही पायांवर!"